भावी नगरसेवकांसाठी मतदानाच्या दिवसाची पूर्वतयारी

फ्लेक्सवर तुमच्या नावामागे ‘भावी’ लागून बरीच वर्षं झाली. 2022 च्या आसपास पालिकांच्या मुदती संपल्या, प्रशासक येऊन बसले, ओबीसी आरक्षणाचं प्रकरण कोर्टात अडकलं आणि तुम्ही प्रत्येक गणपतीला, प्रत्येक दहीहंडीला भावीच राहिलात. आता एकदाचं तिकीट मिळालंय. किंवा मिळालं नाही म्हणून ‘जनतेच्या आग्रहाखातर’ अपक्ष उभे राहून शिट्टी घेतलीत. प्रचार कसा करावा हे सांगणारी माणसं गल्लीत पैशाला पासरी आहेत. मतदानाच्या दिवशी उमेदवारानं काय करावं हे मात्र कोणी सांगत नाही. कारण त्या दिवशी उमेदवाराला कामच नसतं. पण तसं दिसता कामा नये, म्हणून हा उपदेश.

पहाटे उठून आंघोळ, इस्त्रीचे पांढरे कपडे आणि देवदर्शन. प्रभागातली सगळी देवळं घ्या. एखादं राहिलं तर देव रागावत नाही, ट्रस्टी रागावतात, आणि ट्रस्टींची घरं मोठी असतात.

मतदान साडेसातला सुरू होतं. त्याआधी पोलिंग एजंटांसमोर मॉक पोल घेऊन मशीन तपासतात. तुमचा एजंट त्या वेळी झोपलेला असेल, कारण रात्रभर तो तुमच्याच कामावर होता. कुठल्या, ते इथे लिहीत नाही. त्याला उठवा, तोंडावर पाणी मारा आणि पाठवा. मॉक पोलमध्ये तुमच्या नावापुढचं बटण दाबलं की मत तुम्हालाच पडतं आणि मोजलं की तेवढंच निघतं. मग ते पुसून टाकतात. तुमच्या खात्रीचं मत दिवसभरात तेवढंच.

प्रभागातली तुमची जागा महिलेसाठी राखीव निघाली असेल (निम्म्या निघतातच), तर सकाळीच स्वतःला एकदा बजावा की उमेदवार वहिनी आहेत. फ्लेक्सवर तुमचा हात जोडलेला फोटो वहिनींपेक्षा मोठा होता, तेव्हा विसर पडणं साहजिक आहे. पण मतदान केंद्रात उमेदवाराला जाता येतं, उमेदवाराच्या यजमानांना नाही. दारातला पोलीस ओळखपत्र मागेल. ‘अहो, उमेदवार म्हणजे मीच की’ असं त्याला सांगू नका, तो लिहून घेईल. वहिनींना आत जाऊ द्या. प्रभागाची हद्द कुठून कुठवर ते त्यांना समजावत बसू नका. टँकर आला नाही की फोन त्याच करत होत्या, त्यांना गल्ल्या तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत.

तुम्ही शंभर मीटरच्या रेघेबाहेर टेबलापाशी थांबा. टेबलावर मतदार यादी, चिठ्ठ्या आणि पोह्यांच्या प्लेटा. 2025 च्या यादीत काही नावांपुढे दोन तारे छापले होते. ते दुबार मतदार. अशा माणसानं दोनपैकी कुठे मत देणार ते लेखी द्यायचं असतं. तारेवाला मतदार समोरच्याचा असेल तर लोकशाहीचा दिवसाढवळ्या खून, आरडाओरडा करा. आपला असेल तर बिचारा नोकरीनिमित्त दोन ठिकाणी राहतो.

नगरपालिकेत बहुतेक प्रभागांतून दोन नगरसेवक आणि शिवाय थेट नगराध्यक्ष, म्हणजे प्रत्येकानं तीन बटणं दाबायची. महिनाभर तुम्ही हात जोडून फक्त आपल्या चिन्हाबद्दल बोललात. आता पाहा काय होतं. पंचाहत्तरीच्या एक आजी नातवाच्या हाताला धरून रिक्षातून उतरतात. रिक्षा तुमची. आजी आत जातात, एक बटण दाबून लगेच मागे फिरतात. मशीनचा लांब आवाज येत नाही, म्हणून केंद्राध्यक्ष हाक मारतात, ‘आजी, अजून दोन राहिलीत.’ आजी म्हणतात, ‘एकालाच द्यायचं ठरलंय माझं.’ मग उरलेली दोन त्या दिसेल तिथे दाबून मोकळ्या होतात. बाहेर येऊन तुमच्या डोक्यावरून हात फिरवतात, ‘दिलं रे बाळा, कपबशीला दिलं.’ तुमची शिट्टी आहे. तरीही आजींना घरापर्यंत सोडाच. रिक्षा अर्ध्यातून परत बोलावली तर त्यांच्या चाळीतली बाकीची मतं चालत येतील आणि तोवर त्यांना सगळं कळलेलं असेल.

दुपारी कार्यकर्ते आकडे घेऊन येतील. ‘भाऊ, आपली गल्ली एकगठ्ठा.’ ‘भाऊ, तिकडचं विचारूच नका, फिक्स.’ या आकड्यांची बेरीज करू नका, प्रभागातल्या एकूण मतदारांपेक्षा ती जास्त भरते. सकाळचे पोहे तुमच्या टेबलावर खाल्लेला दुपारच्या बिर्याणीला समोर दिसला, तर त्याला गुप्त माहिती काढायला पाठवलंय असं स्वतःला सांगा. तोही विचारल्यावर हेच सांगेल. मध्येच समोरचा उमेदवार भेटेल. गळाभेट घ्या. तो विचारेल, ‘काय वातावरण?’ तुम्ही म्हणा, ‘एकदम चांगलं.’ मग तुम्ही विचारा.

चारनंतर काही मतदार कोपऱ्यावर घोळका करून उभे दिसतील. शाई नसलेलं बोट खिशात. ‘आमच्याकडे अजून कोणी आलंच नाही’ असं ते म्हणतील. त्यांना प्रचारपत्रक मिळालं नाही असा याचा अर्थ काढू नका. तुम्ही अर्थात लक्ष्मीदर्शनाच्या भानगडीत पडत नाही. समोरचा पडतो. समोरच्या टेबलावरही याच वाक्याची सध्या घोकंपट्टी चालली आहे.

साडेपाचला दार बंद, रांगेत आहेत तेवढ्यांचं मतदान. इथे तुमचा दिवस संपायला हवा. पण 2 डिसेंबर 2025 चा अनुभव गाठीशी ठेवा. त्या दिवशी राज्यभर पालिकांचं मतदान चालू होतं आणि निकाल दुसऱ्याच दिवशी होता. गुलालाची पोती आली होती, ताशावाल्याला इसार दिला होता, हारवाल्याकडे दोन नावं होती आणि ‘जो लागेल त्याचा’ असं ठरलं होतं. काही ठिकाणचं मतदान 20 तारखेवर गेलं होतं. आधीच्या निकालाचा त्यावर परिणाम नको, म्हणून मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं भर मतदानाच्या दिवशी सांगितलं, मोजणी एकदम 21 डिसेंबरला. तेव्हा गुलाल घ्या, तो टिकतो. हार सांगू नका.

त्या मधल्या दिवसांसारखे दिवस पुन्हा तुमच्या वाट्याला येणार नाहीत. हरलेला कोणी नाही, प्रभागातल्या प्रत्येक उमेदवाराला चहाच्या टपरीवर ‘या नगरसेवक’ म्हणतात आणि उधारी प्रत्येकाच्या नावावर चढते. स्ट्राँगरूमबाहेर कार्यकर्ते पाळीनं पहारा देतात. मशीनला आत कुलूप, बाहेर पोलीस, त्यापुढे तुमची पोरं, त्यांच्याशेजारी समोरच्याची पोरं, आणि मध्ये एकच पत्त्यांचा डाव. थंडी असते, तेव्हा रात्रीच्या जेवणाचं बघावं लागतं. दोन्हीकडची पोरं एकत्रच जेवतात. बिल कोणाच्या नावावर गेलं ते नंतर कळतं.

रिकामं बसण्यापेक्षा खर्चाचा हिशेब लिहायला घ्या. क वर्ग, म्हणजे छोट्या पालिकेत 2025 ला सदस्याला मर्यादा अडीच लाखांची होती. वडापावपासून मांडवापर्यंत सगळं सरकारी दरसूचीप्रमाणे लावायचं आणि निकालानंतर 30 दिवसांत द्यायचं. हरलात तरी द्यायचं, नाहीतर निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतात. तुम्हाला मतं पडतात तीनशे दहा आणि कागदावर वडापाव निघतात साडेपाचशे. त्या दोन आकड्यांचा ताळा लावत बसू नका, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.