खांदा पुरेना म्हणून डोक्यावर : पंडिता रमाबाईंवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते. चार ओळी लिहून थांबले, कारण मी रागात होते आणि रागात तुमच्या म्हणण्यातलं खरं तेही नाकारलं गेलं असतं. म्हणून आज लिहितेय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रमाबाईंच्या स्मृतिदिनी, ५ एप्रिलला, मी लिहिलं होतं की एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात सार्वजनिक जीवनातलं सगळ्यात मोठं नैतिक धैर्य मला या बाईत दिसतं. त्यावर तुम्ही म्हणता : एकामागून एक माणसं गेल्यामुळे खचलेल्या बाईला मिशनऱ्यांनी आपलंसं केलं, यात धैर्य कसलं? विधवा आणि मुलींसाठी काढलेली शाळा, शारदा सदन, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील हा शब्द त्यांनी मोडला, म्हणून तर रानडे-भांडारकरही दूर झाले. आणि समाजाला सोडून गेलेल्या माणसाला समाजाचा पुढारी म्हणायचं कसं? कर्व्यांनी समाजात राहून जे केलं ते खरं नेतृत्व.

पहिल्या मुद्द्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण तो मला सगळ्यात जास्त लागला.

रमाबाईंच्या घरातले मृत्यू आपण यादीसारखे सांगतो : वडील, आई, बहीण, भाऊ, नवरा. पण त्यांनी स्वतः लिहिलेलं वाचलं की ती यादी राहत नाही. अनंतशास्त्री डोंगरे हे बायकोला संस्कृत शिकवणारे ब्राह्मण. त्यापायी ते पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. १८५८ मध्ये रमाबाई तिथेच जन्मल्या. पुढे सगळं कुटुंब तीर्थं करत, पुराणं सांगत देशभर हिंडलं. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळाच्या दिवसांत जवळचं सगळं संपलं. अंगमेहनत करायची सवय नाही, भीक मागायची लाज. झाडपाला खाऊन दिवस काढले. शेवटी वडिलांनी धाकट्या लेकीला जवळ घेऊन सांगितलं की मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर.

आई गेली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळेनात. कशीबशी दोन माणसं तयार झाली, तिसरा भाऊ आणि चौथी रमाबाई. त्यांची उंची कमी, खांदा पुरेना. म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला आणि स्मशानापर्यंत तसाच नेला.

सर, एवढ्यावर माणूस खचून कोणाच्याही पदरात जाऊन पडला असता, हे मला मान्य आहे. पण रमाबाईंच्या बाबतीत तसं घडलं नाही. बहीण-भाऊ त्यानंतरही व्रतं करत, उपास करत, तीर्थं करत चालत राहिले. हजारो मैल चालले. पंजाबात नदीकाठच्या वाळूत खड्डा खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी थंडीच्या रात्री काढल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. आणि जुन्या श्रद्धेला तडा गेला तो तिथे, मान मिळत असताना. स्त्रियांपुढे व्याख्यानं द्यायची म्हणून त्यांनी धर्मशास्त्रं वाचायला घेतली. ग्रंथांत एरवी हजार मतभेद, पण स्त्रिया आणि शूद्रांना मोक्षाची वाट बंद करण्यात सगळ्यांचं एकमत, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. म्हणजे नवरा जाण्याआधी, मिशनऱ्यांच्या घरी राहायला जाण्याआधी, त्या जुन्या धर्माच्या चौकटीबाहेर पडलेल्या होत्या. आणि त्या पडल्या वाचून, विचार करून.

फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने नवरा गेला. मुलगी मनोरमा दहा महिन्यांची. त्यानंतर त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला आणि त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. वय चोवीस, वैधव्य काही महिन्यांचं. ज्या काळी अशा बाईने कोपऱ्यात तोंड लपवून बसायचं, त्या काळी त्यांनी सांगितलं की या देशातले शंभरातले नव्व्याण्णव सुशिक्षित पुरुष स्त्रीशिक्षणाच्या विरोधात आहेत, बाईची मोहरीएवढी चूक दिसली तर ते तिचा पर्वत करतात. बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात, अशी मागणीही त्याच साक्षीत आहे. माझ्या पणजीचं केशवपन झालं तेव्हा ती सोळा वर्षांची होती. घरात तिच्याविषयी बोलताना अजूनही आवाज खाली येतो. त्यामुळे ती साक्ष मी जेव्हा वाचते तेव्हा नुसता इतिहास म्हणून वाचू शकत नाही.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात. तिथे दुःख पुन्हा पाठोपाठ आलं. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी जीव दिला. काही दिवसांनी, २९ सप्टेंबरला, रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. तुम्ही म्हणाल, बघा, हेच तर मी म्हणतोय. त्या धक्क्याचा यात काहीच वाटा नव्हता असं मी म्हणणार नाही. दुःखाने माणूस देवाकडे वळतो, त्यात कमीपणा काय आहे? आपले अभंग उघडून पाहा. पण त्यांनी स्वतः दिलेलं कारण वेगळं आहे. लंडनमध्ये फुलहॅमला ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना मठातल्या भगिनी जवळ घेत होत्या. अशा बायकांवर दया करायची असते हे आपल्याकडे त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं. हे कुठून आलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना बायबलमधली, समाजाने हलकी मानलेल्या शोमरोनी बाईशी येशू आपणहून बोलतो ती गोष्ट वाचून दाखवली गेली.

आणि बाप्तिस्म्यानंतर काय झालं तेही पाहा. ‘आपलंसं केलेली’ बाई गप्प बसते. रमाबाई चर्चशी भांडल्या. त्रैक्याचा सिद्धांत (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) त्यांना पटेना, तो मनोरमेला शिकवू नका म्हणून त्यांनी बजावलं. क्रुसावरची लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवीत, असा आग्रह धरला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी गोष्ट निघाली तेव्हा बिशपांनी हरकत घेतली, ती त्यांना अतिशय लागली. त्यांचं एक वाक्य मला पाठ आहे : हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचं जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, तसलंच दुसरं जोखड घ्यायला मी तयार नाही. हे पत्र ज्यांच्या घरचं अन्न खात होत्या त्यांनाच लिहिलेलं आहे. पुण्यात त्यांना धर्मबुडवी म्हणत होते आणि वाँटेजमध्ये गर्विष्ठ. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’ काढून त्यांची बाजू घेतली.

इंग्रजांच्या ओंजळीने पाणी पिणारी, हा तुमचा शब्दही मला मान्य नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी इस्पितळात बायकांची जी आबाळ झाली तिच्याविरुद्ध त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहिलं. त्यावरून विलायतेच्या पार्लमेंटमध्ये प्रश्न आला आणि गव्हर्नर सँडहर्स्टने त्यांना खोटं ठरवायचा प्रयत्न केला. परदेशी देणग्यांवर संस्था चालवणाऱ्या ख्रिस्ती बाईला गप्प राहणं किती सोयीचं होतं, याचा विचार करा.

आता शारदा सदन. इथे तुमचं काही अंशी बरोबर आहे आणि माझ्या लेखात मी ते उडवून लावलं, ही माझी चूक. ११ मार्च १८८९ ला मुंबईत सदन उघडलं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. धर्मसक्ती नाही, ज्याचे त्याचे आचार ज्याने पाळावेत, असा करार होता आणि सदनातल्या मुली आपलं सोवळंओवळं सांभाळत होत्या. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करत. दार उघडं असे. मुली येऊन बसू लागल्या, त्यांनी येऊ दिलं. त्यांचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही आणि कुणाला हाकलणारही नाही. कायद्याने पाहिलं तर शब्द मोडला नाही. पण मुलींच्या बाजूने पाहिलं तर? केस काढलेली, घरच्यांनी टाकलेली बारा-चौदा वर्षांची मुलगी, आणि जिने पहिल्यांदा मायेने डोक्यावरून हात फिरवला ती बाई शेजारच्या खोलीत गुडघे टेकून बसलेली. ती मुलगी तिच्याशेजारी जाऊन बसणारच. रमाबाईंना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’ने झोड उठवली, पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. पालकांच्या भीतीला मी नुसता सनातनीपणा म्हटलं होतं. तो अन्याय होता.

तरी एक गोष्ट तुम्हीही पाहावी. दार लावून घेतलं असतं तर रानडे राहिले असते, देणग्या राहिल्या असत्या, अब्रू राहिली असती. आपली श्रद्धा स्वतःच्याच घरात लपवायची नाही एवढ्यासाठी त्यांनी ते सगळं जाऊ दिलं. याला तुम्ही हट्ट म्हणाल. मी धैर्यच म्हणेन, आणि त्याची किंमत काही मुलींनाही मोजावी लागली हेही त्याच्याशेजारी लिहीन.

तुमच्या तिसऱ्या मुद्द्यात कर्व्यांचं नाव आलं म्हणून सांगते : ११ मार्च १८९३ ला अण्णा कर्व्यांनी ज्यांच्याशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या. समाजात राहून केलेल्या त्या कामाचं एक मूळ समाजाबाहेर काढलेल्या बाईच्या अंगणात आहे. रानड्यांविषयी मला मनापासून आदर आहे. पण समाजाला सोबत घेण्याची किंमत त्यांच्याइतकी कुणी मोजली नसेल. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा माणूस १८७३ मध्ये पत्नी गेल्यावर वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करतो. पुण्यातल्या ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाबद्दल पुढे प्रायश्चित्त घेतो. मला ते भित्रे वाटत नाहीत. पण प्रत्येक पुढाऱ्याने हीच वाट धरली असती तर केडगावचं मुक्ती सदन झालं नसतं.

केडगावविषयी बोलते आणि थांबते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या, कारण उपाशी माणसाचं तोंड कसं दिसतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. मुली घेऊन आल्या. प्लेगमुळे पुण्यात एवढी गर्दी ठेवायला मनाई झाली, तेव्हा दौंडच्या वाटेवर केडगावला घेतलेल्या माळावर त्यांना उतरवलं. गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्ती सदनात दोन हजारांच्या आसपास माणसं होती. शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्या मुलींची शाळा. ती शाळा मनोरमेने उभी केली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणत होत्या, आणि खिळे जुळवायलाही मुलीच होत्या. जुलै १९२१ मध्ये चाळिशीची मनोरमा गेली. ऐकू कमी येणारी, थकलेली आई तरीही मुद्रितं तपासत राहिली आणि पुढच्या एप्रिलमध्ये गेली. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते १९२४ मध्ये.

या मुलींच्या धर्मांतराबद्दल तुम्ही विचारलंत की दहा वर्षांच्या उपाशी पोरीने काय निवडलं असेल? सर, याला माझ्याकडे उत्तर नाही. ती निवडू शकत नव्हती. ती जिवंत राहिली, वाचायला शिकली, आणि तिचा धर्म दुसऱ्या कुणी तरी ठरवला. एरवीही तो दुसऱ्याच कुणी ठरवला असता, पण त्याने हा प्रश्न मिटत नाही. माझ्या लेखात ‘या मुलींनी आनंदाने नवा धर्म स्वीकारला’ असं एक वाक्य होतं. ते लिहिण्याचा मला अधिकार नव्हता. आज ते काढून टाकलं आहे आणि लेखाखाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून कारणही लिहिलं आहे.

‘सगळ्यात मोठं नैतिक धैर्य’ हे शब्द मात्र तसेच ठेवले आहेत.