खुलासा: ‘फॅसिझमची १४ लक्षणं’

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपवर ‘डॉ. ब्रिट या राज्यशास्त्रज्ञाची फॅसिझमची (म्हणजे मुसोलिनी-हिटलरसारख्या हुकूमशाहीची) १४ लक्षणं, अमेरिकेच्या होलोकॉस्ट (नाझींनी केलेलं ज्यूंचं हत्याकांड) संग्रहालयात लावलेली’ हा मेसेज फिरतोय. खाली जोड आहे: ‘पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीचा कर्नाटकचा कायदा, म्हणजे फॅसिझमच.’

लॉरेन्स ब्रिट राज्यशास्त्राचे डॉक्टर नव्हेत. ती यादी त्यांच्या २००३ च्या एका मासिकातल्या लेखातली. संग्रहालयात तिचं पोस्टर दिसलं ते विक्रीच्या दुकानात, प्रदर्शनात नव्हे. शिवाय यादी काढताना त्यांनी हिटलर-मुसोलिनीसोबत चिलीचे पिनोशे, इंडोनेशियाचे सुहार्तोही धरले; या दोघांना बरेच इतिहासकार फॅसिस्ट न म्हणता लष्करी हुकूमशहाच म्हणतात.

भाषेची सक्ती फॅसिस्टांनी केली, हे खरंच. १९२३ पासून मुसोलिनीच्या राजवटीने दक्षिण टायरोल या इटलीतल्या जर्मनभाषक भागातल्या शाळांतून जर्मन भाषा काढली. मग तळघरांत, माळ्यांवर चोरून वर्ग भरले. पण नुसत्या भाषासक्तीने फॅसिझम होत नाही; त्याच राजवटीने १९२६ मध्ये सगळे विरोधी पक्ष बंद केले. आपला सीमादावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, निवडणुका होतात. पाट्यांचा कायदा मला अन्यायाचा वाटतो. त्यासाठी राज्यघटनेच्या कलम ३५०-ब चा भाषिक अल्पसंख्याक अधिकारी आहे, तिथे तक्रार करा.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.