जुनी फिल्म आहे तशी बघा, प्लीज!

हल्ली शंभर वर्षांपूर्वीच्या हिमालयाची फुटेज एआयने रंगवून, गुळगुळीत करून, वर ढॅणढॅण म्युझिक टाकून रील्समध्ये फिरतायत आणि खाली सगळे वा वा करतायत. मला मात्र बघून राग येतो.

१९२४ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेवर जॉन नोएल हा फिल्म बनवणारा कॅमेरा घेऊन गेला होता. केवढी ती थंडी, त्यात शूट करायचं आणि मग ती रिळं माणसांकरवी पार दार्जिलिंगला धाडायची, तिथे खास उभारलेल्या लॅबमध्ये ती धुतली जायची. शिखराकडे गेलेले मॅलरी आणि आयर्विन हे गिर्यारोहक परत आलेच नाहीत, तेव्हा ते गेले हे कळवायला सोबत्यांनी वरच्या कॅम्पवर बर्फात ब्लँकेटं अंथरून खाली खूण केली, तीही त्याने लांबून लेन्समधून टिपली. 'द एपिक ऑफ एव्हरेस्ट' नाव त्या फिल्मचं. आणि मुळात ती निव्वळ काळीपांढरी नव्हतीच हो, काही शॉट्सना तेव्हाच निळ्या-लाल छटा दिलेल्या होत्या, २०१३ साली बीएफआयने, म्हणजे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने, ती रिस्टोअर केली तेव्हा त्या छटा परत आणल्या. याला म्हणतात काम!

एआय काय करतं, तर दोन फ्रेमच्या मधली फ्रेम स्वतःच्या मनाने बनवतं, खडकावरची रेघ, बर्फाची कड, सगळं अंदाजाने भरतं. आता एव्हरेस्टच्या उत्तरेकडच्या रोंगबुक हिमनदीचं बघा. मॅलरीने १९२१ मध्ये काढलेला फोटो आणि त्याच जागेवरून २००७ मध्ये डेव्हिड ब्रेशर्स या गिर्यारोहक-फिल्ममेकरने काढलेला फोटो शेजारी ठेवले तर बर्फ जवळपास १०० मीटर खाली गेलेला दिसतो. हे कळलं कशामुळे, तर जुन्या फोटोतल्या बर्फाला कोणी हात लावला नव्हता म्हणून. उद्या कोणी रंगवलेल्या रीलवरून असं काही मोजायला बसला तर काय मोजणार, मशीनची कल्पना?

आणि हो, नोएलच्या त्या मूकपटात मध्येमध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांवर तिबेटी लोकांबद्दल जे लिहिलंय ते वाचून संताप येतो, इतकं तुच्छतेने लिहिलंय. तरी तेही कापू नका. तिबेटहून लामा नेऊन लंडनमध्ये या फिल्मच्या शोआधी स्टेजवर नाचवले होते, तिबेट सरकार भडकलं, त्यांच्या परवानगीशिवाय तिकडून जाता येत नव्हतं, आणि पुढची मोहीम थेट १९३३ मध्ये गेली. डोंगर कोणी, कुठल्या नजरेने शूट केला हे लोकांना कळायलाच हवं ना, नुसती सुंदर शिखरं उचलून कसं चालेल?

तर रील टाकणाऱ्यांनो, निदान साल, जागा आणि कॅमेरा कोणाचा एवढं तरी लिहा, रंग तुम्ही भरलेत तर तेही स्पष्ट सांगा, आणि मूळ फिल्मची लिंक द्या.