कुत्रा चालतो म्हणजे नेमकं काय चालतं?

थंडी पडली की माझ्या फोनवर एकच प्रश्न येत राहतो. "ताई, नाताळात दोन दिवस बाहेर जाऊन राहिलो, कुत्र्याला घेऊन कुठं जाऊ?" सहा वर्षांपासून मी बुंदीला घेऊन फिरते, म्हणून लोक मला विचारतात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. लांब आहे, पण कुत्रा पाळणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

बुंदी गावठी आहे. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, वजन सतरा किलो, स्वभावानं भित्री.

दोन वर्षांमागची एप्रिलमधली गोष्ट. रामटेकच्या वाटेवर एका रिसॉर्टमध्ये आम्ही खोली घेतली. फोनवर मी दोनदा विचारलं, कुत्रा चालेल ना? "चालते ना जी, बिनधास्त आणा." आगाऊ पैसे भरले. सकाळी अकराला पोचलो तर दारावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, रूममधे नाही चालत. पार्किंगमधे बांधून ठेवा, पाणी-बिनी देऊन देऊ." पार्किंग म्हणजे टिनाचं शेड. खाली काँक्रीट. त्या दिवशी नागपुरात पारा त्रेचाळीसच्या वर होता. गाडीतून उतरल्याबरोबर बुंदीनं पाय उचलले आणि माझ्या पायावर येऊन उभी राहिली. आम्ही गाडी वळवली. पैसे परत मिळाले नाहीत, त्याचं मला आज काही वाटत नाही. पण मी "हो" म्हटलं असतं तर दुपारी दोनपर्यंत माझी कुत्री जिवंत राहिली नसती, हे मात्र अजून डोक्यातून जात नाही.

त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं. कुत्रा म्हणजे दारात बांधायचा प्राणी, हेच त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. म्हणून आता मी "कुत्रा चालतो का" असं विचारतच नाही. मी विचारते: रात्री कुत्रा आमच्याच खोलीत झोपेल का? खोलीत कूलर किंवा एसी आहे का? आवाराला कुंपण आहे का? आवारात मोकळी कुत्री किती आहेत? आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागते. लिहून द्यायला जो काचकूच करतो, तिथं जायचं नाही.

आता उन्हाबद्दल. आपल्या नागपूरकरांना उन्हाची इतकी सवय आहे की त्याची भीतीच उरलेली नाही. आपण रुमाल बांधतो, खिशात कांदा ठेवतो, निघतो. कुत्र्याला आपल्यासारखा सगळ्या अंगाला घाम येत नाही. पंज्यांच्या गाद्यांतून थोडासा येतो, बाकी सगळी भिस्त धापेवर. हवाच तापलेली असेल तर धापून उपयोग होत नाही. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ते १०४ च्या पुढं गेलं की धोका सुरू होतो आणि १०६ ला आतले अवयव निकामी होऊ लागतात. पग, बुलडॉग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर मार्चपासूनच जपावं लागतं. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवली नाही तर त्याच्या पंजालाही सोसवणार नाही. आणि काचा लावलेल्या गाडीत "पाचच मिनिटं" म्हणून त्याला ठेवून दुकानात जाऊ नका. दहा मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांनी चढतं.

तोंडातून चिकट लाळ, लालभडक हिरड्या, चालताना तोल जाणं, उलटी, एवढं दिसलं की सावलीत न्या. पोटाला, जांघांना, पंज्यांना साधं पाणी लावत राहा आणि वारा घाला. शुद्धीत असेल तर थोडं थोडं पाणी पिऊ द्या, बळजबरीनं तोंडात ओतू नका. तेवढं करतच डॉक्टरांकडे निघा, बरं वाटतंय म्हणून थांबू नका.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. नागपुरात कुत्र्याचा प्रवास दिवाळीनंतर सुरू होतो आणि शिमग्याला संपतो. पुढं पहाटेचं फिरणं, बाकी दिवस घरात कूलरसमोर. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, त्याला हौसेनं कुठं नेणं हे प्रेम नाही.

दुसरं मत काहींना आवडणार नाही. कॅफेत नेऊन त्याच्या गळ्यात बो बांधून फोटो काढणं ही कुत्र्याची सहल नव्हे. मोठ्यानं गाणी लागलेली, खुर्च्या सरकताहेत, अनोळखी माणसं डोक्यावर थोपटताहेत, आणि तो टेबलाखाली कान पाडून, सारखी जांभई देत बसलेला. ती जांभई झोपेची नसते, ताणाची असते. फुटाळा तलावावर रविवारी संध्याकाळी मी हेच पाहते. त्याला हवा असतो वास. एका झुडपापाशी चार मिनिटं थांबायला मिळालं की त्याचा दिवस सार्थकी लागतो. सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर सकाळी साडेपाचला या. हवेत ओल्या पाल्याचा वास, रस्त्यावर वर्दळ नाही, बुंदी नाक जमिनीला लावून चालते आणि मी तिच्या मागं. अर्ध्या तासात जेमतेम एक किलोमीटर होतं. पण घरी येऊन ती जी गाढ झोपते, तशी दुसऱ्या कशानं झोपत नाही.

परतताना तर्री पोह्यांच्या ठेल्यावर थांबलात तर एवढंच करा, प्रेमानं कुणी घास टाकला तरी खाऊ देऊ नका. पोह्यात कांदा असतो. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट हेही विषच. सावजीच्या रश्श्यातलं शिजलेलं हाड तर कधीच नाही, ते टोकदार तुटतं आणि आतड्यात रुततं.

पेंच, उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगल सफारीबद्दल दरवर्षी कुणीतरी विचारतं, जिप्सीत मांडीवर घेऊन बसलं तर? नाही चालत, आणि चालू नये, असंच मला वाटतं. आपल्या कुत्र्याला डिस्टेंपर हा विषाणूचा रोग होऊन तो बरा झाला असेल, पण हाच विषाणू जंगलात गेला तर काय होतं ते गीरमध्ये दिसलं. २०१८ मध्ये तिथं वीसहून जास्त सिंह गेले, त्यांतल्या अनेकांत कॅनाइन डिस्टेंपर सापडला. त्याआधी १९९४ मध्ये सेरेंगेटीतले जवळपास एक तृतीयांश सिंह याच रोगानं गेले होते. रामटेकच्या गडावरही बुंदीला मी नेत नाही. पायऱ्यांवर वानरं असतात, एक झटापट झाली की दोन्हीकडचं नुकसान.

मग जायचं कुठं? माझं उत्तर आहे, ओळखीच्या माणसाच्या शेतावर. काटोलला माझ्या नणंदेची संत्र्याची बाग आहे. दरवर्षी आंबिया बहाराच्या संत्र्यांचा तोडा सुरू असताना आम्ही दोन दिवस तिथं राहतो. बुंदी झाडांच्या ओळींतून पळते, ढिगाशेजारी बसून बायकांचं बोलणं ऐकते, बी काढलेल्या दोन फोडी खाते. पहिल्या वर्षी मोठे भाऊजी म्हणाले होते, "शहरातलं कुत्रं, एका रात्रीत बावरून जाईन." आता तेच तिच्यासाठी वेगळी बाजेवरची चादर काढून ठेवतात. पण तिथंही डोळे उघडे ठेवावे लागतात. बागेत फवारणी कधी झाली हे आधी विचारायचं. उंदरांचं औषध कुठं ठेवलंय ते बघायचं. गोचीड अंगावर चढू नये म्हणून औषध निघायच्या आधीच लावायचं, रोज रात्री कानामागं, बोटांच्या फटीत हात फिरवायचा. आणि अंधार पडला की कुत्री घरात. त्या बाजूला बिबट्या येतो आणि तो सगळ्यात आधी कुत्राच उचलतो.

रेल्वेचं थोडक्यात. कुत्र्याला डब्यात सोबत न्यायचं तर फर्स्ट एसीच लागतो आणि दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर हवी. टू टायर, थ्री टायर, स्लीपर, चेअर कार यांत परवानगी नाही. कूपे मिळाला की नाही हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही, म्हणून आधीच लेखी अर्ज द्या. लसीचं कार्ड आणि डॉक्टरांचा दाखला घेऊन पार्सल ऑफिसात वेळेआधी पोचा. नाहीतर उरतो तो गार्डच्या ब्रेकव्हॅनमधला लोखंडी पिंजरा. रात्रभर त्या धडधडाटात एकटी बुंदी, हे माझ्यानं होणार नाही. एकटी बाई आपल्या कुत्र्याला घेऊन मुंबईला निघाली तर तिनं दोन माणसांचं फर्स्ट एसीचं तिकीट काढायचं, ते तरी किती जणींना परवडेल? एखाद्या डब्यात दोन-चार जागा पिंजऱ्यासह येणाऱ्या लहान कुत्र्यांसाठी ठेवल्या तर कुणाचं काय बिघडेल?

म्हणून आम्ही गाडीनंच जातो. समृद्धी महामार्ग आता मुंबईच्या दारापर्यंत, ७०१ किलोमीटर झालाय. वेग मिळतो, पण सावली मिळत नाही. पहाटे चारला निघा, तीन-चार तास आधी खायला देऊ नका, दर दोन तासांनी थांब्यावर पट्टा लावूनच उतरवा. मागच्या सीटवर हार्नेस बांधा. खिडकीतून डोकं बाहेर काढू देऊ नका, त्या वेगात डोळ्यात खडा गेला तर डोळाच जातो.

आता आपल्या लोकांना थोडं कडक बोलते. "माझा काही करत नाही" म्हणत सोडलेला पट्टा मी रोज पाहते. समोरून येणाऱ्या आजींना ते कसं कळणार? रेबीजची लस दरवर्षी, पट्टा प्रत्येक वेळी आणि शी उचलायला पिशवी खिशात. मी जुनी वर्तमानपत्रं नेते. हे न करणारा एक माणूस आमच्या दहा जणांसाठी बागेचं दार बंद करतो.

आणि मागणी एकच. नासुप्रच्या, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या, जुन्या ले-आऊटमध्ये मोकळे भूखंड गाजर गवतानं भरून पडलेत. हैदराबादच्या कोंडापूरला महापालिकेनं २०१८ मध्ये कुत्र्यांसाठी खास बाग केली. आम्हाला तेवढंही नको. कुंपण, दोन दारं, चार कडुनिंब आणि पाण्याचा एक नळ, एवढं दिलं तरी पुरे. मी आमच्या प्रभागाचा अर्ज लिहिलाय, त्यावर आजवर सत्तावीस सह्या झाल्यात. पश्चिम नागपुरातले कुणी असाल तर कमेंटमध्ये फक्त चौकाचं नाव लिहा. सही घ्यायला मी आणि बुंदी पहाटे येऊ, सहाच्या आत.