काकू, जरा थांबा, ट्रॅक लावतोय

माझ्या आईला आज भरल्या मांडवात एका पंचविशीतल्या मुलाने असे सांगितले आणि आमच्यापैकी एकानेही त्याला अडवले नाही. माझ्या भाचीची हळद होती. मंगल कार्यालयात झेंडूच्या पडद्यासमोर रंगवलेले, वीतभर उंचीचे एक भाड्याचे जाते मांडले होते. त्याच्या खुंट्याला गोंडे बांधले होते, भोवती तयार हळदपूड पसरली होती, आणि सवाष्णींनी खुंट्याला नुसता हात लावावा, फिरवू नये, असा फोटोग्राफरचा आग्रह होता, कारण फिरवले की पूड विस्कटते आणि फ्रेम बिघडते. दळायला हळकुंड तिथे नव्हतेच. तरीही जाते दिसताच ऐंशी ओलांडलेल्या माझ्या आईने गणपतीला लग्नाचे आवतण देणारी पहिली ओवी उचलली. तिची दुसरी ओळ पुरी होण्याआधीच ध्वनियंत्रणेजवळच्या मुलाने तिला थांबवले आणि आजकाल प्रत्येक हळदीला वाजते ते गाणे सुरू झाले. आई गप्प झाली, आणि आम्ही पन्नास-साठ नातेवाईक टाळ्या वाजवू लागलो.

मला राग आला तो गाण्याचा नव्हे. हळदीला नाचायला गाणी हवीत, हे मला मान्य आहे. पण ते ध्वनिमुद्रित गाणे या घरातल्या कोणालाही ओळखत नाही, आणि आई जे गाणार होती त्यात या घरातली सगळी माणसे येणार होती, एवढा साधा भेद आमच्या शिकल्यासवरल्या कुटुंबात कोणाच्याही लक्षात येऊ नये, याचे मला अतिशय वाईट वाटले.

लग्नातली ओवी कशी चालते, हे माझ्या पिढीने निदान डोळ्यांनी पाहिले आहे. पहिले आवतण गणपतीला, मग कुलदैवताला, ग्रामदैवताला, आणि मग एकेक नातलग नावानिशी येत जातो: नवरीचा मामा, तिची आत्या, चुलता, भाऊ, त्यांची गावे, वाटेतली नदी, बैलगाडी. दोन ओळींचा साचा आणि गळा, म्हणजे चाल, पिढीजात असतो. त्यात बसणारी नावे मात्र त्या त्या घरची असतात, आणि म्हणून एका घरची ओवी दुसऱ्या घरी जशीच्या तशी कधीच गाता येत नाही. ज्या गाण्यात तुमच्या माणसांसाठी जागाच राखलेली नाही, ते गाणे कितीही गोड असले तरी तुमच्या हळदीत ते परकेच राहणार.

माझ्या ताईच्या, म्हणजे आजच्या नवरीच्या आईच्या हळदीत आजी गायली होती. लग्न गावच्या घरी होते आणि जाते खरे होते, दोघींनी समोरासमोर बसून ओढावे लागणारे, लग्नाआधी मुद्दाम टाकी लावून, म्हणजे छिन्नीने ठोकून, घेतलेले. आजी विधवा होती, म्हणून तिला जात्याला हात लावू दिला नाही. पाच सवाष्णींनी हळकुंडे दळली आणि आजी माजघराच्या उंबऱ्यापाशी, भिंतीला टेकून, त्यांच्यापासून अंतर राखून बसली. परंतु ओव्या येत होत्या त्या तिलाच. त्या पाचजणी तिच्या तोंडाकडे पाहून तिच्यामागून म्हणत होत्या. देव झाले, मामा झाले, काका झाले, आणि मग आजीने नवरीच्या आत्याला आवतण दिले, नाव घेऊन. आम्हा मुलांना ती आत्या माहीतच नव्हती. वडिलांची ही धाकटी बहीण लहानपणीच तापाने गेली होती आणि तिच्याविषयी घरात कोणी चकार शब्द काढत नसे. ते नाव ऐकताच माझे वडील मांडवातून उठून परड्यात गेले. ओवी मात्र थांबली नाही. आजीने आत्याला गाडीत बसवून, नीरेच्या पुलावरून, भाचीच्या हळदीला आणले.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. पण मला एक आत्या होती हे मला सांगितले ते त्या ओवीने. घरातल्या कोणत्याही माणसाने ते मला कधी सांगितले नव्हते.

आता कोणी मला सांगेल की, बाई, दळण हे बायकांच्या पाठीचे मोडणे होते, त्याचे कौतुक कसले करता. ते खरे आहे. पहाटे तांबडे फुटायच्या आत उठून घरादाराचे पीठ काढायचे, ही सक्तमजुरी होती, आणि गावोगावी डिझेलवरची आणि पुढे विजेवरची गिरणी आली तेव्हा माझ्या आईने देवापुढे साखर ठेवली होती. ज्या परंपरेने आजीला उंबऱ्यापाशी बसवले ती मला नको आहे, हेही मी स्पष्ट सांगते. पण त्याच आजीला त्या परंपरेत आपल्या मेलेल्या लेकीचे नाव चारचौघांत, मोठ्याने, सुरात घेण्याची जी एकमेव जागा मिळाली होती, ती ओवी होती. आम्ही जाच ठेवला नाही हे उत्तम केले. जाचाबरोबर ती जागाही टाकून दिली. आणि सजावटीसाठी जाते मात्र ठेवून घेतले.

या गाण्यांना वय काय आहे याची तरी कल्पना आपल्याला आहे का? बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला, त्यात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही आधी, दीडेकशे वर्षे, मुसळाच्या ठोक्यावर बायका गातच होत्या. संत जनाबाईंनी दळणकांडण करतानाच विठ्ठलाला सोबतीला बोलावले. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी जात्यावर आणि शेतात रचलेल्या ओळी मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या एका तरुणाने लिहून घेतल्या म्हणून वाचल्या, आणि पुस्तक निघाले ते 1952 मध्ये, त्या गेल्यानंतरच्या वर्षी. आपण शाळेत ती कविता पाठ करून गुण मिळवतो आणि घरातल्या बहिणाबाईला सांगतो की, काकू, जरा थांबा.

काही माणसांना ही किंमत कळली होती. साने गुरुजींनी बायकांकडून ओव्या मिळवून ‘स्त्री जीवन’ हा संग्रह सिद्ध केला. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून खंडामागून खंड काढले. हेमा राईरकर आणि जन्माने फ्रेंच असलेले गी पॉइटवाँ यांनी तर 1980 च्या दशकापासून सहकाऱ्यांबरोबर गावोगाव हिंडून लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या, हजाराहून अधिक गावांतून, तीन हजारांहून अधिक बायकांकडून. आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गावही नोंदवून ठेवले. 1990 च्या दशकात त्यांच्यातल्या काहीजणींचे आवाजही मुद्रित झाले, आणि आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात ते कोणालाही घरबसल्या ऐकता येतात. रात्री उशिरा मी ते ऐकते. मुळशीच्या डोंगरातली एखादी बाई भावाच्या वाटेकडे डोळे लावून गाते, तेव्हा मागे दगडाची घरघर ऐकू येते, आणि त्या घरघरीवर तिचा श्वास जिथे तुटतो तिथेच माझ्या आजीचाही तुटत असे.

या संग्रहातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या. त्यांनी गळा तोच ठेवला, दोन ओळींचा साचा तोच ठेवला, आणि त्यात बाबासाहेबांना, रमाईला, बुद्धाला आणले. ज्या समाजाने त्यांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही त्याच समाजाच्या जुन्या छंदात त्यांनी आपला नवा कुलवृत्तांत रचला, आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागितली नाही. परंपरा जपा, जपा, असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी हे एकदा नीट ऐकावे. ओवी काचेच्या कपाटात ठेवायची वस्तू असती तर भीमनगरात ती केव्हाच मुकी झाली असती. ती तिथे बोलती राहिली, कारण त्यात आपली माणसे घालायची मुभा त्या बायकांनी स्वतःच घेतली.

आणि आमच्याकडे काय चालले आहे? ‘पारंपरिक हळद’ नावाचे पॅकेज मिळते. त्यात नऊवारी नेसवणारी येते, जाते येते, सूप येते, मुसळ येते, आंब्याच्या पानांचे तोरण येते. गाणारी तेवढी येत नाही, आणि ती येणार तरी कुठून, ती तर तुमच्याच घरात, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर, गुडघ्यावर शाल घेऊन बसलेली असते. तिला विचारायचे कोणाला सुचत नाही. मला या क्षणी त्या मुलापेक्षा आमच्या स्वतःच्या घराचा अधिक संताप येतो आहे. त्या मुलाला सांगितले होते की साडेचारला गाणे, पावणेपाचला उष्टी हळद, पाचला नाच. तो त्याचे काम करत होता. पण माझे मामेभाऊ, माझ्या जावा, ज्यांनी ताईच्या हळदीत आजीला ऐकले आहे, ज्यांनी माझ्या वडिलांना उठून जाताना पाहिले आहे, त्यांना आज काय झाले होते?

वडिलांविषयी थोडे लिहायला हवे. त्या दिवशी ते परड्यातून परत आले ते थेट आजीजवळ जाऊन बसले. विधवेने अंतर राखून बसावे असा रिवाज असलेल्या घरात थोरला मुलगा सगळ्यांसमोर उंबऱ्यावर, आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि दळण संपेपर्यंत तिथून हलला नाही. कोणी काही बोलले नाही. त्यानंतर आत्याचे नाव घरात निघू लागले. दिवाळीला, भाऊबीजेच्या ताटाजवळ, सहज निघे. आमच्या घरात सुधारणा आली ती अशी आली, आणि तीही त्याच गाण्यातून, हे सुधारणेच्या नावाखाली गाणे बाजूला सारणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

हे लिहीत असतानाच भाचीचा मेसेज आला आहे. मेंदीच्या हातांनी तिने कसाबसा आवाज मुद्रित करून पाठवला आहे: मावशी, आजी मघाशी काय म्हणत होती, पुढे काय होते त्यात, आणि माझे नाव येणार होते का? माझा राग बराचसा उतरला. या मुलीला कोणी कधी काही सांगितलेलेच नाही, आणि तरी सगळ्या गोंगाटात तिने ती दीड ओळ ऐकली. होय बाळा, तुझे नाव येणार होते. तुझ्या आईचे, तुझ्या मामाचे, आणि तुझ्या आईच्या त्या आत्याचेही, जिला तुझ्या पणजीने एकदा नीरेच्या पुलावरून आणले होते. उद्या सकाळी अक्षतांच्या आधी वधूपक्षाच्या खोलीत आजी तुझ्यासमोर बसून सगळ्या ओव्या म्हणेल. जाते नसले तरी चालेल. मी तिच्याशी आत्ताच बोलले आहे, आणि तुळशीची कुंडी, कुलदैवताचे गाव, तुझ्या सासरची नावे, असे सगळे ती मला फोनवर विचारून घेते आहे.

आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी या लग्नसराईत हळद आहे त्यांनी कार्यालयवाल्याला पंधरा मिनिटे ध्वनियंत्रणा बंद ठेवायला आधीच सांगून ठेवा आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला, ती सवाष्ण असो वा नसो, जात्यापाशी मधोमध बसवा. खरी हळकुंडे आणा. तुमच्याकडे गाणारे कोणीच उरले नसेल तर मला कळवा. गळा मला येतो, मी येईन. नावे मात्र तुम्ही आधी लिहून ठेवा, गेलेल्यांचीसुद्धा.