बसायचा सराव करा

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल खेळताय आणि कॉलेज बदलायचं मनात आलंय? वा! उडी, नेम, दम यांचा सराव झालाच असेल. आता बसायचा करा.

2021 पर्यंत काम सोपं होतं. पदवी हातात नसताना कॉलेज बदललं की नव्या ठिकाणी एक वर्ष सामने बंद. सराव मात्र चालू. आठवडाभर तुम्ही शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करायची. तो जसा डावीकडून घुसतो तसं घुसायचं, तो जसा मनगट मोडून फेकतो तसं फेकायचं, म्हणजे आपल्या पोरांना त्याला अडवायची सवय होते. आणि शनिवारी ट्रॅकसूट चढवून बाकाच्या टोकाला टाळ्या वाजवायच्या. रांधायचंही तुम्ही, वाढायचंही तुम्ही; पान तेवढं तुमचं मांडलेलं नाही.

हे सगळं तुमच्या भल्यासाठी हं! नव्या जागी अभ्यासात रुळायला वेळ नको का? पोहणाऱ्या किंवा टेनिस खेळणाऱ्या मुलांना पहिल्या बदलीला असा वेळ लागत नसे. तो लागायचा बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल अशा मोजक्या खेळांतल्या मुलांना. ज्या खेळांच्या तिकिटांवर कॉलेजांचं घर चालतं, नेमकी त्याच खेळांतली पोरं रुळायला मंद. योगायोग, दुसरं काय.

2021 मध्ये एनसीएएनं, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संघटनेनं, सगळ्यांनाच एकदा बदलायची मुभा दिली. दुसऱ्यांदा जायचं तर पुन्हा वर्षभर बसा, नाहीतर सवलतीचा अर्ज. हा अर्ज भरताना एक पथ्य पाळायचं, खरं कारण लिहायचं नाही. 2023 च्या सुरुवातीला अटी आवळल्या, त्यात दुखापत, आजार, मानसिक आरोग्य, अत्याचार अशी कारणं चालत, तीही कागदपत्रांसकट. कोच सोडून गेला हे कारण चालत नव्हतं. तिथला अभ्यासक्रम आवडला हेही चालत नव्हतं. नियम अभ्यासासाठी होता, हे एव्हाना तुम्ही विसरला असाल, म्हणून आठवण करून दिली.

रेक्वान बॅटल या खेळाडूचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. हा आधी वॉशिंग्टन विद्यापीठात, मग मोंटाना स्टेटला. 2023 मध्ये मोंटाना स्टेटचे कोच डॅनी स्प्रिंकल युटा स्टेटला गेले, आणि बॅटल वेस्ट व्हर्जिनियाला. तिथे पोचतो न पोचतो तोच जूनमध्ये तिथल्याही कोचनं राजीनामा दिला. बॅटलनं मानसिक आरोग्याचं कारण देऊन अर्ज केला. नामंजूर. अपील केलं, तेही नामंजूर. स्प्रिंकल त्या हंगामात किती दिवस बसले? छे, कोचला रुळायला वेळ लागत नाही. ते लगेच संघ घेऊन उभे राहिले, आणि 2024 मध्ये पुन्हा बदलून वॉशिंग्टनला गेले, म्हणजे बॅटल जिथून निघाला होता तिथेच. वर्षभरात दोन बदल्या, अर्ज शून्य. तेव्हा पोरांनो, पायात ताकद असली तरी शिट्टीच गळ्यात अडकवा.

शेवटी अमेरिकेतली सात राज्यं या नियमाविरुद्ध कोर्टात गेली. डिसेंबर 2023 मध्ये न्यायाधीश जॉन प्रेस्टन बेली यांनी नियमाला 14 दिवसांची स्थगिती दिली. बॅटलनं स्वतः साक्ष दिली होती. त्यावर एनसीएएनं काय कळवावं? खुशाल खेळा, पण पुढे आदेश फिरला तर तुमच्या वाट्याच्या मोजक्या हंगामांतला एक खर्ची पडला असं धरू. म्हणजे जेवायला बसा, पण यजमानाचं मन बदललं तर ताटाचे पैसे तुमचे. ओरड झाली, तेव्हा दोन्ही बाजूंनी मिळून ती मुदत हंगामभर वाढवून घेतली.

एप्रिल 2024 पासून तर रान मोकळं आहे. हवं तितक्या वेळा बदला. पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्यांच्या ऑनलाइन यादीत, नाव घाला म्हणून सांगितलं की कॉलेजनं दोन कामाच्या दिवसांत ते घालायचं. आणि नाव गेलं की सत्र संपताच तुमची शिष्यवृत्ती थांबवायलाही जुनं कॉलेज मोकळं. 2025 मध्ये पोर्टलची खिडकी 30 दिवस उघडी होती, आणि ती उघडली तेव्हा सोळा संघ राष्ट्रीय स्पर्धेत अजून खेळत होते. एका हातात चेंडू, दुसऱ्या हातात फोन. जमवायचं.

मोठी अट एकच उरली आहे, अभ्यासाची. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचे 40 टक्के, चौथ्याच्या 60 आणि पाचव्याच्या 80 टक्के क्रेडिट, म्हणजे विषयांचे श्रेयांक, पूर्ण हवेत. तेही नव्या कॉलेजातल्या पदवीच्या हिशेबानं. तुमचे रिबाउंड, म्हणजे नेम चुकल्यावर झेललेले चेंडू, नव्या कॉलेजला पहिल्या फोनवरच पटतात. मागच्या कॉलेजातलं संख्याशास्त्र पटायला मात्र विभागाची बैठक लागते, आणि बैठक सुट्टीनंतर असते. म्हणून प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम छापून बॅगेत ठेवा, बुटांच्या खाली, म्हणजे चुरगळणार नाही. आणि ट्रॅकसूट टाकून देऊ नका.