गॅरी प्लेअरला हरवणारा कॅडी

विषय निघाला गॅरी प्लेअरच्या व्यायामावरून. शुगर निघाल्यापासून मिलिंद आम्हाला असले व्हिडिओ दाखवत असतो. या वेळी दक्षिण आफ्रिकेचा गोल्फपटू होता, नव्वदीचा म्हातारा, आणि कट्ट्यावरच्या एकालाही झेपणार नाहीत असले प्रकार करत होता.

"नऊ मेजर," मिलिंद म्हणाला. "मेजर म्हणजे गोल्फच्या सगळ्यात मोठ्या चार स्पर्धा. चारही जिंकलेली माणसं बोटांवर मोजता येतात, त्यातला हा एक. तेही एकोणतिसाव्या वर्षी. याला म्हणतात शिस्त."

"त्याला एका कॅडीने हरवलं होतं," आप्पा म्हणाले.

आप्पांनी पोरवयात शाळा बुडवून कॅडीचं काम केलंय, म्हणजे खेळणाऱ्यांच्या गोल्फच्या बॅगा वाहिल्या आहेत. येरवड्याच्या गोल्फ कोर्सच्या बाजूला ज्यांचं लहानपण गेलं त्यांना यात नवल वाटणार नाही. त्यामुळे गोल्फ हा श्रीमंतांचा टाइमपास आहे, हे आम्ही नेहमी म्हणतो ते आप्पा नसताना. शकीलने विचारलं, "कुठला कॅडी?" आणि तासाभराचा चहा तिथेच ठरला.

पापवा सेवगोलम. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा. तिथल्या नाताळ प्रांतातल्या उसाच्या मळ्यांवर १८६० पासून जी गिरमिटिया माणसं भारतातून नेली, त्यांच्यातल्या घरचा. शाळा जवळजवळ नाहीच. डर्बनच्या गोऱ्यांच्या कोर्सवर बॅगा उचलायचा आणि जमेल तेव्हा, जमेल त्या काठीने खेळायचा. शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून हात उलटे बसले.

"उलटे म्हणजे डावखुरा?" जोसेफने विचारलं.

आप्पांनी त्याची छत्री मागून घेतली. उजव्या हाताने खेळणारा माणूस क्लब, म्हणजे गोल्फची काठी, धरतो तेव्हा डावा हात वर असतो, उजवा खाली. पापवाचा उजवा वर, डावा खाली. विटीदांडू खेळायला पहिल्यांदाच आलेलं पोर दांडू धरतं तसं. आप्पांनी तसं धरून छत्री मागे नेली, तर मनगटं एकमेकांना आडवी गेली आणि छत्री अर्ध्यावर अडकली. आम्ही सगळ्यांनी पाळीपाळीने करून पाहिलं. गिरणीसमोरून जाणाऱ्या दोन बायका थांबून बघत होत्या.

"हे चुकीचंच आहे," मिलिंद म्हणाला. "कुठलाही कोच पहिल्या दिवशी हात सोडवेल."

"चेंडूला हात दिसत नाहीत," आप्पा म्हणाले. "आणि पटिंगला, शेवटी चेंडू हळूच भोकात ढकलताना, आज कित्येक जण असेच धरतात. जॉर्डन स्पीथ बघ. डावा हात खाली."

"पटिंगला. ड्राइव्हला, लांबच्या फटक्याला, कोण धरतं?"

"कुणी धरत नाही. म्हणून तर सांगतोय."

पुढची गोष्ट आप्पा तुकड्यातुकड्याने सांगत होते आणि मधे मधे आम्ही कडमडत होतो, तेव्हा मी ती सलग मांडतो. ग्रॅहम वुल्फ नावाचा डर्बनचा एक केमिस्ट होता. 'ऑइल ऑफ ओले' हे बायकांचं क्रीम आहे ना, ते त्याने काढलं. पापवाचा खेळ बघून हा गोरा गृहस्थ १९५९ साली त्याला युरोपात घेऊन गेला. तिथे पापवा डच ओपन जिंकला. १९६० साली पुन्हा जिंकला. १९६४ ला तिसऱ्यांदा. स्वतःच्या देशात मात्र गोऱ्यांच्या स्पर्धेत नाव घालायलाच भांडावं लागत होतं. १९६३ साली नाताळ ओपनमध्ये प्रवेश मिळाला, डर्बन कंट्री क्लबवर, आणि शंभरावर गोऱ्या खेळाडूंमध्ये हा एकटा जिंकला. बक्षीस घ्यायला क्लबहाउसमध्ये पाऊल ठेवायची सोय नव्हती, वर्णभेदाच्या कायद्याने. पाऊस पडत होता. ट्रॉफी बाहेर, पावसात दिली गेली. तो फोटो जगभर छापून आला.

"खिडकीतून दिली ना?" शकीलने विचारलं. त्याने हे आधी कुठेतरी ऐकलं होतं.

"खिडकीतून असंही सांगतात. फोटोत तो बाहेर उभा आहे, भिजत."

इथे खरी जुंपली. मिलिंदचं म्हणणं असं: प्रकार वाईटच, पण माणूस लक्षात राहिला तो फोटोमुळे. डच ओपन तीनदा, ठीक. मेजर किती? शून्य. प्लेअरच्या नऊ. दया आली म्हणून कुणाला बरोबरीला बसवायचं का?

जोसेफ तापला. "अरे, खेळायलाच दिलं नाही त्याला. शून्य काय मोजतोस?"

"१९६५ सांगा ना त्याला," मी आप्पांना म्हटलं.

नाताळ ओपन, १९६५. या वेळी मैदानात प्लेअर होता, आणि पापवाने त्याला मागे टाकून स्पर्धा जिंकली. तो काही उतरणीला लागलेला प्लेअर नव्हता. त्याच वर्षी जूनमध्ये तो अमेरिकेत यूएस ओपन जिंकला आणि त्याच्या चारही मेजर पुऱ्या झाल्या. म्हणजे मिलिंद ज्या एकोणतिसाव्या वर्षाचं कौतुक सांगत होता, नेमक्या त्याच वर्षी, घरच्या मैदानावर, उलट्या हातांच्या कॅडीने त्याला हरवलं.

मिलिंद क्षणभर गप्प झाला. पण बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस एवढ्याने हटत नाही. "एक स्पर्धा," तो म्हणाला. "कुणीही कुणाला एकदा हरवतो."

हे त्याचं खरं आहे, आणि खोटंही आहे. गोल्फमध्ये चार दिवस खेळायचं असतं. एका ओव्हरमध्ये नशीब उघडावं तसं तिथे होत नाही. चार दिवस, प्रत्येक होलला, तोच वारा आणि तेच गवत दोघांना. एखादा लंगडा स्विंग पहिल्या दिवशी झाकला जाईल, चौथ्या दिवसापर्यंत उघडा पडतोच. पण एवढं मी कट्ट्यावर बोललो नाही, कारण तोवर आप्पा कॅडी कसा शिकतो यावर गेले होते. साहेब चेंडू मारतो आणि विसरतो, कॅडीला मात्र तो शोधायचा असतो. त्यामुळे कुठून मारला की कुठे जातो हे त्याला साहेबापेक्षा आधी कळतं. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या पट्ट्यात, गवत कुठल्या अंगाला झुकलंय, सकाळी दव असताना चेंडू किती कमी धावतो, हे त्याच्या पायांना माहीत असतं. दिल्लीचा अली शेर असाच कॅडी. १९९१ साली इंडियन ओपन जिंकला. ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक. त्याआधी १९६५ ला पी. जी. सेठींनी जिंकली होती, पण ते हौशी खेळाडू.

"पुन्हा १९६५," शकील म्हणाला. त्याला असल्या गोष्टींत फार रस.

माझं स्वतःचं मत पावसाच्या फोटोबद्दल थोडं वेगळं आहे आणि ते मी मांडलं. तो फोटो बघून आपल्याला चीड येते, बरं वाटतं, आणि आपण पुढे सरकतो. पण पावसात भिजून माणूस संपत नाही. तो १९६३ ला भिजला आणि १९६४ ला जाऊन तिसरी डच ओपन घेऊन आला. त्याला संपवलं ते पुढच्या गोष्टीने. १९६५ च्या विजयानंतर सरकारने त्याला देशातल्या स्पर्धांतून हद्दपार केलं. प्रेक्षक म्हणूनही कोर्सवर जायची बंदी. पासपोर्ट काढून घेतला, म्हणजे युरोपही बंद. याचा फोटो निघत नाही. रोज सकाळी उठून खेळायला जागा नसलेला माणूस कसा दिसतो? १९७८ साली तो वारला, पन्नाशीच्या आतच, पैशाने पार मोडलेला. आज डर्बनमध्ये त्याच्या नावाचं गोल्फ कोर्स आहे. ही त्यांची नेहमीची पद्धत.

"त्यांची?" जोसेफ म्हणाला. "पुण्यात बसून 'त्यांची' म्हणतोस? पळवणकर बाळू कुठला?"

बरोबर होतं त्याचं. बाळू पळवणकर हा दलित क्रिकेटपटू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबावर खेळपट्टी बघायचा आणि साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकायचा. टाकायचा फक्त, बॅट हातात दिली नाही कुणी. पुढे हिंदूंच्या संघाला त्याच्याशिवाय चालेना, तर मैदानात त्याच्या हातचा चेंडू सगळे झेलायचे, पण चहा त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्याने ११४ बळी घेतले. कर्णधारपद शेवटपर्यंत नाही मिळालं. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये.

"तिथे कायदा होता, इथे कायदाही लागला नाही," शकील म्हणाला.

"आणि जुनं म्हणून सोडू नका," जोसेफचं अजून संपलं नव्हतं. "२०१७ साली दिल्लीतल्या एका बड्या गोल्फ क्लबात मेघालयच्या बाईंना जेवणाच्या टेबलावरून उठवलं. अंगावर खासी पोशाख होता. तर म्हणे मोलकरणीसारखा दिसतो."

आप्पा यावर काही बोलले नाहीत. त्यांना क्लबहाउसचा मागचा दरवाजा आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे, पण ते त्या दिवसांबद्दल बोलतात तेव्हा फक्त चेंडूबद्दल बोलतात.

मिलिंद मात्र प्लेअरला सोडायला तयार नव्हता. "त्याचा काय दोष? कायदा त्याने केला?"

इथे आप्पांनी हातचं ठेवलेलं पान टाकलं. १९६६ साली प्लेअरचं पुस्तक आलं, त्यात त्याने स्वतःच लिहिलंय की मी फेरवूर्डच्या, अपार्टहाइडच्या दक्षिण आफ्रिकेचा माणूस आहे. अपार्टहाइड म्हणजे तोच वर्णभेद, आणि फेरवूर्ड म्हणजे तेव्हाचा पंतप्रधान, या सगळ्या धोरणाचा शिल्पकार. पापवाने हरवल्याच्या पुढच्याच वर्षी हे छापून आलं!

"नंतर बदलला तो," मिलिंद म्हणाला, आणि तेही खोटं नाही. १९६९ ला अमेरिकेत पीजीए चॅम्पियनशिप खेळताना निदर्शकांनी त्याच्या अंगावर बर्फ फेकला, तरी तो खेळत राहिला. १९७१ ला ली एल्डर या कृष्णवर्णीय अमेरिकन गोल्फपटूला त्याने दक्षिण आफ्रिकेत खेळायला बोलावलं. हाच एल्डर १९७५ साली मास्टर्स या मेजरमध्ये खेळलेला पहिला कृष्णवर्णीय. लहानपणापासून डोक्यात हेच भरलं होतं, असं पुढे प्लेअर उघड म्हणाला. एवढं म्हणणारे तरी किती निघतात?

शकीलला मात्र वेगळंच आठवलं. २०२१ च्या मास्टर्सला एल्डरला मानाने पहिल्या टीवर, जिथून खेळ सुरू होतो तिथे, बोलावलं होतं, नळी लावलेला, थकलेला. शेजारी अमेरिकेचा गोल्फपटू निकलॉस आणि प्लेअर. आणि एल्डरचा सत्कार चालू असताना मागे प्लेअरचा पोरगा चेंडूंचा खोका कॅमेऱ्यासमोर धरून उभा, जाहिरातीसाठी. त्याबद्दल क्लबाने त्याला नंतर हाकललं.

"पोराचं बापावर घालू नकोस," मिलिंद म्हणाला. यावर सगळेच बाप असल्यामुळे एकमत झालं.

"मला एवढंच सांग," आप्पा म्हणाले. "दुसऱ्या देशातल्या काळ्या माणसाला १९७१ ला बोलावलं, छान. घरातल्या ज्याने तुला हरवलं, त्याच्यासाठी १९६५ ला म्हणायचं होतं, याला खेळवत नसाल तर मीही खेळत नाही."

"त्या काळात? कोण म्हणालं असतं?"

"क्रिकेटवाले म्हणाले," जोसेफ म्हणाला. तो अशा वेळी हमखास क्रिकेट काढतो. "एप्रिल १९७१, केपटाउन, न्यूलँड्स. ग्रॅम पोलॉक, बॅरी रिचर्ड्स, प्रॉक्टर, सगळे बडे. संघनिवड गुणांवर करा म्हणून मैदान सोडून बाहेर आले."

"बघ," आप्पा मिलिंदला म्हणाले.

"किती वेळ?" मिलिंदने विचारलं. त्यालाही क्रिकेट कळतं.

जोसेफने डोकं खाजवलं. "प्रॉक्टरने एक चेंडू टाकला. मग बाहेर गेले. निवेदन दिलं."

"आणि मग?"

"मग परत येऊन मॅच पुरी केली."

मिलिंद इतका हसला की त्याला ठसका लागला. आप्पांनी छत्री जोसेफला परत दिली. "असू दे," ते म्हणाले, "तुझ्या गॅरीपेक्षा एक चेंडू जास्त."